हात हलला का गाणारा हलला? अंधाऱ्या हॉलमधले बँडचे फोटो
सात रस्त्याजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये मित्रांच्या बँडचा प्रोग्रॅम होता, स्टेजवर दोन लाल आणि एक निळा लाईट, बाकी सगळा अंधार. माझ्या शेजारी फोटो काढणारा कॉलेजचा पोरगा ब्रेकमध्ये म्हणाला, दादा, लेन्समध्ये स्टॅबिलायझर (हात हलला तर सावरणारी सोय) आहे तरी सगळे फोटो हललेत, लेन्स खराब आहे काय? लेन्स एकदम व्यवस्थित होती. लई जणांचा घोटाळा इथंच होतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

फोटो हलला असं आपण म्हणतो त्यात दोन वेगळ्या भानगडी असतात. एक तर आपला हात हललेला असतो, नाहीतर समोरचा माणूस. छोट्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच पुसट दिसतात.

त्याचा एक फोटो आम्ही कॅमेऱ्यावरच फुल झूम करून बघितला. माईकच्या जाळीचं भोक न् भोक मोजता येत होतं, स्टँडचा स्क्रूसुद्धा क्लिअर, आणि त्याच माईकमागं गाणाऱ्याची हनुवटी दोनदा उमटल्यासारखी, गिटारवरची बोटं तर धुरासारखी. शटर होतं १/३०, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ उघडं. म्हणजे कॅमेरा स्थिर होता, माणूस हलला. दुसऱ्या फोटोत स्टँड, अँप, मागचे लाईटचे ठिपके सगळंच एका बाजूला ओढलेलं, प्रत्येक ठिपक्याला सारखीच शेपटी, हा हात हललेला फोटो. त्यामुळं आधी चेहरा बघायचाच नाही, जी वस्तू हलूच शकत नाही ती बघायची. (स्टँड पुसट पण मागचा ड्रम शार्प असला तर मग फोकसच चुकलाय, तो विषय वेगळा.)

हात हलण्यावर इलाज सोपे आहेत. कोपर छातीला टेकवा, खांबाला पाठ लावा, श्वास सोडता सोडता बटण दाबा, एकदम तीन-चार फोटो काढा, त्यातला एखादा स्थिर मिळतोच. जुना हिशोब असा की ५० एमएमला (एमएम म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) शटर निदान १/५०, २०० एमएमला १/२००, आणि छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर त्याच्या दीडपट धरा. स्टॅबिलायझर इथं खरंच कामाला येतो, तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे शटरला दुप्पट वेळ) असला तर ५० एमएमला १/६ पर्यंत हातात धरून जमून जातं.

पण तो फक्त आपला हात सावरतो, गाणाऱ्याला थोडंच धरून ठेवणार! माणूस हलत असेल तर शटरचा वेग वाढवणं हाच इलाज. शांत उभं राहून गाणाऱ्याला १/१२५ चालतं, उड्या मारणाऱ्या गिटारवाल्याला १/२५०, ड्रमच्या काठ्या गोठवायच्या तर १/५०० सुद्धा कमी पडतं. आता वेग वाढवला की उजेड कमी, मग तो आणायचा कुठून? कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर येते (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं), ५० एमएम एफ १.८ ची साधी लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. माझं स्पष्ट मत आहे, बँडसाठी पैसे घालायचे तर आधी या लेन्सवर घाला. ती आधीच एफ १.८ वर असली तर राहिला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता. १६०० वर १/६० मिळत असेल तर १/२५० साठी ६४०० लागणार. दाणे येतील, येऊ द्या, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढलं असेल तर ते नंतर बरेच कमी करता येतात, पुसलेला चेहरा मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये धड होत नाही.

त्या पोराला मॅन्युअलवर टाकायला लावलं, एफ १.८, १/२५०, आयएसओ ऑटो, आणि सांगितलं की लांब सूर लागला की गाणारा क्षणभर थांबतो, तेव्हा दाब. एक लक्षात ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं काही स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर १/१०० पेक्षा वेगवान झालं की कधीकधी फोटोत पट्टे येतात. तसं झालं तर १/१०० वर या आणि त्या थांबलेल्या क्षणाची वाट बघा. दुसऱ्या हाफमध्ये त्याला गाणाऱ्याचे सहा फोटो मिळाले, पापण्यांचे केस दिसतील इतके शार्प, ड्रमच्या काठ्या तेवढ्या पुसट होत्या आणि त्या तशाच छान दिसत होत्या.