थारचं फोर बाय फोर आणि एक्सड्राइव्ह: चारी चाकं फिरतात, पण सारखी नाही

थार नाशिकच्याच कारखान्यात बनते, त्यामुळे फोर बाय फोर इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्हसारखी (एक्सड्राइव्ह म्हणजे बीएमडब्ल्यूची ऑल-व्हील ड्राइव्ह) वेगवान सेडान दिसली की 'हिचीही चारी चाकं ओढतात, म्हणजे तेच' म्हणून आपण मोकळे होतो. तिथेच गल्लत होते.

थारचा लिव्हर फोर-एचला (चारी चाकं, नेहमीचा वेग) टाकला की चाकांकडे ताकद नेणारे पुढचा आणि मागचा शाफ्ट पक्के जोडले जातात. गंगापूर धरणाकाठच्या चिखलात हे उत्तम, कारण चाक जरा घसरतं आणि ताण मोकळा होतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि जोडलेल्या शाफ्टना ते झेपत नाही. गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं. म्हणून कोरड्या घाटात टू-एचच, म्हणजे फक्त मागची दोन चाकं.

एक्सड्राइव्हसारख्या ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) किंवा इलेक्ट्रॉनिक क्लच हा फरक सांभाळून घेतो, त्यामुळे ती कायम चालते. १९८० मध्ये अशीच ऑडी क्वाट्रो आली आणि रॅलीवाल्यांचे डोळे उघडले.

तरी सगळ्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्या वळणात सारख्या वागत नाहीत. टायरची पकड मर्यादित असते. ती वळण्यात आणि ओढण्यात वाटून खर्च होते. आडव्या इंजिनाच्या, मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नाकावर वजन जास्त. वळणात घाईने ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं ओढण्यातच दमतात आणि गाडी बाहेर सरकते. हाच अंडरस्टिअर. एक्सड्राइव्हचा कल मागच्या चाकांकडे. पुढे ताकद गरजेपुरतीच जाते. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरचीही हीच रीत. म्हणून नाक चटकन आत वळतं आणि वळणातून निघताना ॲक्सिलरेटर लवकर देता येतो. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच.

ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारी चाकांवर असतात. पावसात कसारा घाट उतरताना टायर झिजलेले असतील, तर मागचा एक्सड्राइव्हचा बिल्ला गाडी एक फूटही आधी थांबवत नाही. चिखलाच्या तीव्र उतारावर उलट थार भारी: फोर-एलमध्ये (चारी चाकं, संथ वेग) इंजिनाचा ब्रेक चारी चाकांना मिळतो, तोही छोट्या गिअरमध्ये. सेडानला तो गिअरच नसतो.