नोंदणीमागे मोबदला आणि महसुलात वाटा

अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमध्ये, म्हणजे आपल्या लिंकवरून कंपनीला ग्राहक आणून देण्याच्या धंद्यात, शिफारस करणाऱ्याला पैसे देण्याच्या दोन मुख्य पद्धती. पहिलीत लिंकवरून आलेल्या प्रत्येक नव्या ग्राहकामागे ठरावीक रक्कम एकदाच मिळते. या धंद्यातली माणसे तिला सीपीए म्हणतात. दुसरीत तो ग्राहक जोवर पैसे भरत राहतो, तोवर त्यातला ठरलेला टक्का मिळत राहतो, हा रेव्हशेअर. थोडी रक्कम आधी आणि लहान टक्का पुढे, असा करार झाला की तो हायब्रीड. एकाच विक्रीवर एकदाच मिळणारे टक्केवारीचे कमिशन यांहून वेगळे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएट योजनेने ते जगभर रुळवले.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी घरांना या दोन्ही पद्धती इंटरनेटच्या आधीपासून माहीत आहेत, फक्त नावे निराळी. बँकेसाठी क्रेडिट कार्डाचे फॉर्म भरून घेणाऱ्याला कार्डामागे पैसे मिळतात. एलआयसीच्या एजंटाला पहिल्या वर्षाच्या हप्त्यांवर मोठे कमिशन आणि पुढच्या हप्त्यांवर लहान, म्हणजे हायब्रीडच. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला ट्रेल मिळते: ग्राहकाची रक्कम फंडात आहे तोवर वाटा चालू, पैसे काढले की बंद. या वितरकांना जी परीक्षा द्यावी लागते ती घेणाऱ्या एनआयएसएम या सेबीच्या (शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांच्या नियामकाच्या) संस्थेची इमारत वाशीतच, सेक्टर १७ मध्ये आहे.

निवड करणाऱ्याने म्युच्युअल फंडांचा इतिहास जरूर पाहावा. पूर्वी वितरकाला गुंतवणूक होताच आगाऊ कमिशन मिळे. त्यामुळे ग्राहकाचे पैसे एका योजनेतून काढून दुसरीत घालण्याची सवय लागली, कारण प्रत्येक फेरीत नवे कमिशन. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने मोजके अपवाद सोडून आगाऊ कमिशन बंद केले आणि सगळा मोबदला ट्रेलवर आणला. एकरकमी मोबदल्यात ग्राहक टिकण्याशी शिफारस करणाऱ्याचा संबंध उरत नाही, हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

हिशेब : नौपाड्यातला एक कर सल्लागार घेऊ. गोखले रोडवरचे दुकानदार त्याला विचारतात, बिलिंगचे सॉफ्टवेअर कोणते घेऊ? समजा सॉफ्टवेअरचे महिन्याचे ६०० रुपये आहेत आणि कंपनी दोन पर्याय देते : दर ग्राहकामागे ९०० रुपये रोख, किंवा दरमहा २० टक्के, म्हणजे १२० रुपये. बहुतेक जण ९०० ला १२० ने भागतात आणि आठव्या महिन्यापासून वाटा फायद्यात असे धरून चालतात. हा हिशेब चुकीचा आहे, कारण त्यात कोणीच ग्राहक सोडून जात नाही. दरमहा १० टक्के ग्राहक गळत असतील, तर आठ महिन्यांत दर ग्राहकामागे सरासरी ६८३ रुपयेच हाती येतात. ९०० चा टप्पा चौदाव्या महिन्यात ओलांडला जातो, आणि कितीही थांबले तरी एकूण १,२०० च्या पुढे रक्कम जात नाही. गळती १५ टक्के असेल तर ही मर्यादा ८०० वर येते. म्हणजे वाटा कधीच ९०० गाठत नाही. गळती ३ टक्के असेल तर मात्र नवव्या महिन्यात बरोबरी होते, दोन वर्षांत दोन हजारांहून जास्त मिळतात आणि मर्यादा ४,००० वर जाते. सूत्र सोपे आहे : महिन्याच्या वाट्याला मासिक गळतीने भागायचे. येणारा आकडा एकरकमी रकमेच्या चांगला वर नसेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

म्हणून दर पाहण्याआधी आपण कोणाला पाठवतो हे पाहावे लागते. कर सल्लागाराचे दुकानदार सहसा सॉफ्टवेअर बदलत नाहीत. जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते आणि मागची सगळी बिले त्यातच असतात. ऐरोलीतून रील करून सवलतीचा कोड वाटणाऱ्या मुलाकडून आलेले लोक पहिला स्वस्त महिना वापरतात आणि निघून जातात. कंपनी एक, दर तेच. तरी पहिल्याने वाटा घ्यावा आणि दुसऱ्याने रोख.

दुसरा प्रश्न वहीचा, आणि माझ्या मते तो दरापेक्षा मोठा. वाट्याच्या करारात ग्राहकाने किती भरले हे फक्त कंपनीला माहीत असते. शिफारस करणाऱ्याला दिसतो तो डॅशबोर्ड. 'निव्वळ महसूल' म्हणजे काय, हे करारात शब्दशः असायला हवे : परतावे, कर, सवलती, पेमेंट गेटवेचे शुल्क यांतले काय काय आधी वजा होणार? दर एकतर्फी बदलण्याची मुभाही बहुतेक कंपन्या राखून ठेवतात. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत अनेक वर्गांचे दर आठवडाभराच्या सूचनेवर कमी केले. फर्निचरचा ८ टक्क्यांवरून ३ वर आला. नवख्या, गुंतवणूकदारांच्या निधीवर चालणाऱ्या कंपनीकडून पाच वर्षांच्या वाट्याचे आश्वासन घेणे म्हणजे ती कंपनी पाच वर्षे टिकेल अशी पैज लावणे.

एकरकमी पद्धतीतले भांडण वेगळे असते. तिथे खोट्या नोंदण्या होतात. डिमॅट खात्यांमागे पैसे मिळू लागले की कॉलेजातली मुले वर्गमित्रांची, मावशी-काकांची खाती उघडून घेतात आणि त्यांत पुढे एकही सौदा होत नाही. त्यावर उपाय म्हणून कंपन्या अटी घालतात : केवायसी पूर्ण हवे, पहिला व्यवहार हवा, ठरावीक दिवसांत ग्राहक गेला तर दिलेली रक्कम परत, म्हणजे क्लॉबॅक. 'नोंदणीमागे ९००' या ओळीखालच्या बारीक अक्षरांत 'नोंदणी' कशाला म्हटले आहे ते वाचल्याशिवाय त्या ९०० ला किंमत नाही.

कायदा : पैसे घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे ठळकपणे सांगणे बंधनकारक आहे, ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कमिशनवरची करकपात १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ ऐवजी २ टक्के झाली. या दोन पद्धतींचा मोठा वापर ऑनलाइन जुगाराच्या जाहिरातीत होतो, आणि तिथला वाटा म्हणजे खेळणाऱ्याने हरलेल्या पैशांतला वाटा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात हाच गुन्हा ठरवला असून दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. टेलिग्रामवर अशा लिंका अजून फिरतात. त्यांचा दर कितीही असला तरी हात लावू नये.

वाटा स्वीकारताना करार संपल्यावर काय होईल, हेही लिहून घ्यावे लागते. एलआयसीच्या एजंट नियमांत एजंटाच्या मृत्यूनंतर वारसांना नूतनीकरणाचे कमिशन मिळण्याची तरतूद आहे. अ‍ॅफिलिएट करारांत असे संरक्षण सहसा नसते : खाते बंद झाले की आधी आणलेल्या ग्राहकांवरचा वाटाही थांबतो.