चित्राच्या पोटात तेच चित्र

पाचवीच्या शिष्यवृत्तीची तयारी करून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी बुद्धिमत्ता चाचणीचं एक कोडं फिरत होतं. गटात न बसणारी आकृती ओळखा. पहिल्या आकृतीत लहान त्रिकोण मांडून केलेला मोठा त्रिकोण, दुसरीत लहान चौरसांचा मोठा चौरस, तिसरीत लहान चौरस गोलाकार मांडून केलेलं मोठं वर्तुळ, चौथीत लहान वर्तुळांचं मोठं वर्तुळ. उत्तर दिलं होतं तिसरी, आणि ते बरोबरच आहे. खाली लिहिलेलं कारण मात्र साफ चूक होतं: "बाकीच्या आकृत्यांत लहान आकार पुन्हा पुन्हा आले आहेत." अहो, तिसरीतही आलेच आहेत की! पुन्हा पुन्हा येणं ही काही खूण नव्हे. तसं असतं तर शाळेची फरशी आणि लुगड्याचा काठ यांनाही याच गटात बसवावं लागेल. फरशीच्या एका तुकड्यावर फूल असतं आणि तेच फूल सगळीकडे छापलेलं असतं, पण सगळी खोली मिळून फुलाच्या आकाराची होत नाही. इथे प्रश्न आहे अंश पूर्णासारखा आहे का, हा. या गुणाला स्वसादृश्य म्हणतात.

अशा कोड्यांचा बादशहा म्हणजे सोव्हिएत संगणकतज्ज्ञ मिखाईल बोंगार्ड. यंत्राला चित्रं ओळखायला कसं शिकवायचं, या प्रश्नासाठी त्यानं १९६७ साली १०० कोडी छापली. प्रत्येकात डावीकडे सहा चौकटी, उजवीकडे सहा. डावीकडच्या सगळ्या एक नियम पाळतात, उजवीकडच्या पाळत नाहीत, आणि तो नियम आपण शोधायचा. पर्याय नाहीत, सूचना नाहीत, त्यामुळे ठोकताळ्यानं उत्तर लावायची सोयच नाही. आपल्याकडच्या चार पर्यायांच्या पद्धतीपेक्षा मला ही कोडी कितीतरी प्रामाणिक वाटतात.

मुलं अंश-पूर्णाच्या कोड्यांत अडतात ती नजर कमी पडते म्हणून नव्हे. १९७७ साली डेव्हिड नेव्हन या मानसशास्त्रज्ञानं लहान अक्षरं मांडून केलेली मोठी अक्षरं लोकांना दाखवली. आपल्याकडे करायचं तर बारीक 'म' मांडून केलेला मोठा 'क'. लोकांना मोठं अक्षर आधी दिसलं. शिवाय लहान अक्षर ओळखताना मोठ्यानं अडथळा आणला, उलट मात्र तसं झालं नाही. हा माणसाचा अटळ स्वभाव म्हणावा, तर तसंही नाही. नामिबियातल्या हिंबा लोकांवर २००८ साली छापून आलेल्या अभ्यासात त्यांची नजर बारीक तुकड्यांवर आधी जाताना दिसली, आणि बबून माकडांचंही तसंच. म्हणजे पूर्ण आणि अंश हे दोन वेगवेगळ्या वेळी दिसणारे पदार्थ आहेत. दोन्ही एकदम धरून त्यांची तुलना करायची, हे डोळ्याचं काम नाही. तिथे डोकंच लागतं.

आता माझं आवडतं कोडं. फ्रांस्वा शोले या फ्रेंच संशोधकानं २०१९ साली 'आर्क' नावाचा रंगीत चौकटींच्या कोड्यांचा संच तयार केला, यंत्रांची बुद्धी जोखायला. त्यातल्या एका कोड्यात तीन बाय तीनची चौकट दिलेली असते. काही घरं भरलेली, काही रिकामी. उत्तर नऊ बाय नऊच्या चौकटीत द्यायचं. नियम असा: मूळ चौकटीत जिथे भरलेलं घर आहे, तिथे मोठ्या चौकटीत आख्खी मूळ चौकट ठेवायची, जिथे रिकामं आहे, तिथे नऊच्या नऊ घरं रिकामी. हे मी वर्गात खडूनं फरशी आखून आणि चिंचोके मांडून करतो, कारण छापील कागद पुरत नाहीत आणि चिंचोक्यांना आमच्याकडे तोटा नाही. दोन उदाहरणं दाखवली की एखादं पोरगं ओरडतंच, "सर, जिथं चिंचोका हाये, तिथं पुरं चित्रच ठेवलं ना जी!" याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

अधिक चिन्हाचा नमुना घ्या. नऊपैकी पाच घरं भरलेली: मधलं आणि त्याच्या चार बाजूंची. पहिल्या पायरीला ५ चिंचोके, दुसरीला २५, तिसरीला १२५. तिसऱ्या पायरीला फरशीवर २७ बाय २७, म्हणजे ७२९ घरं आखावी लागतात. तिथे मुलांचे हात दुखतात आणि घातांक न शिकवता शिकून होतात.

गंमत पुढे आहे. समजा ७२९ घरांपैकी एखाद्या घरावर बोट ठेवून मी विचारलं, की इथे चिंचोका येणार का? आख्खं चित्र न मांडता सांगायचं. त्यासाठी घराला पत्ता द्यायचा. मोबाइलच्या बटणांसारखे घरांना १ ते ९ आकडे द्या. वरची ओळ १-२-३, मधली ४-५-६, खालची ७-८-९. सगळ्यात मोठ्या नऊ तुकड्यांपैकी घर कोणत्या तुकड्यात आहे, तो पहिला आकडा. त्या तुकड्याच्या आतल्या नऊपैकी कोणत्या तुकड्यात, तो दुसरा. आणि त्याच्याही आत कुठे, तो तिसरा. जिल्हा, तालुका, गाव, असा पत्ता झाला. अधिक चिन्हात भरलेली घरं २, ४, ५, ६, ८. म्हणून २-५-८ या पत्त्यावर चिंचोका येणार. २-५-७ वर नाही, कारण गावच चुकलं. १-५-५ वरही नाही. जिल्हाच रिकामा म्हटल्यावर पुढची चौकशी कशाला?

म्हणजे प्रत्येक पातळीवर एकच प्रश्न विचारला जातो: तुझा आकडा भरलेल्या घरांपैकी आहे का? सगळ्या पातळ्यांवर 'हो' आलं तरच चिंचोका. आता पत्त्यातला पहिला आकडा खोडून पाहा. उरलेल्या पत्त्याला अट तीच लागू राहते. पहिला आकडा खोडणं म्हणजे पूर्ण चित्र सोडून त्याच्या एका तुकड्यात शिरणं. अंश पूर्णासारखा दिसतो तो एवढ्याचमुळे. तिथे लहान आकारांची नक्कल केलेली नसते, वरपासून खालपर्यंत प्रश्न एकच असतो.

हे एकदा बसलं की सगळी कोडी सरळ होतात. फरशीत फक्त शेवटच्या आकड्याला प्रश्न विचारतात, आधीचे आकडे काहीही चालतात. भरीव मोठ्या आकृतीत फक्त पहिल्या आकड्याला विचारतात. नेव्हनच्या 'म'नी केलेल्या 'क'मध्ये वरच्या पातळीला एक प्रश्न आणि खालच्या पातळीला दुसरा. स्वसदृश आकृतीत सगळीकडे तोच. ग्रुपवरच्या कोड्यातली तिसरी आकृती का वेगळी, तर तिच्यात वर वर्तुळाचा प्रश्न आहे आणि खाली चौरसाचा.

पायऱ्या कधीच थांबवल्या नाहीत तर काय होईल? पत्ता अनंत लांबीचा होतो, आणि अनंतातून एक आकडा खोडला तरी अनंतच उरतात, म्हणून अंश आणि पूर्ण तंतोतंत एकसारखे होतात. अशा आकृत्यांना बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९७५ साली 'फ्रॅक्टल' हे नाव दिलं, पण आकृत्या त्याच्या कितीतरी आधीच्या. मधलं एकच घर रिकामं ठेवून आठ भरली की जी जाळी तयार होते, ती पोलंडच्या सिर्पिन्स्कीनं १९१६ साली मांडली होती.

यांची मापंही विचित्र. रेघ तिप्पट केली की तिच्यात मूळ रेघेच्या ३ प्रती मावतात, आणि ३ हा ३ चा पहिला घात, म्हणून रेघेचं परिमाण १. चौरस तिप्पट केला की ९ प्रती, ३ चा दुसरा घात, म्हणून परिमाण २. आपलं अधिक चिन्ह तिप्पट केलं की ५ प्रती मावतात. ३ चा कितवा घात ५ होतो? सुमारे १.४६५. लॉगॅरिदमच्या भाषेत लॉग ५ भागिले लॉग ३. रेघेपेक्षा जास्त, पण क्षेत्रफळापेक्षा कमी. सिर्पिन्स्कीच्या जाळीचं परिमाण १.८९३. चार कोपरे भरले तर १.२६२. आणि तीनच घरं भरली तर नेमकं १, मग ती कुठलीही तीन असोत. मधला उभा स्तंभ भरला तर शेवटी उभी रेघ मिळते. तीन कोपरे भरले तर एकमेकांना कुठेच न चिकटणारी बिंदूंची धूळ. दोघांचं परिमाण १. परिमाण प्रती मोजतं, त्या कुठे ठेवल्या याची विचारपूस करत नाही. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या, पुढे काही अडत नाही.)

हा विषय निघाला की कुणीतरी "पूर्णमदः पूर्णमिदम्" (ते पूर्ण, हेही पूर्ण) हा उपनिषदातला मंत्र टाकतं आणि आपल्या ऋषींना फ्रॅक्टल ठाऊक होते, असा फॉरवर्ड येतो. सोबत श्रीयंत्राचं चित्र. श्रीयंत्रात नऊ मोठे त्रिकोण एकमेकांना छेदून ४३ लहान त्रिकोण होतात. रचना अवघड आणि देखणी आहे, पण स्वसदृश नाही, कारण कुठल्याही लहान त्रिकोणाच्या पोटात श्रीयंत्र नसतं. अभिमानच बाळगायचा तर खऱ्या गोष्टीचा बाळगा की! दहाव्या शतकात हलायुधानं पिंगलाच्या छंदशास्त्रावरच्या टीकेत मेरुप्रस्तार समजावला. वर १, मग १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १, वरच्या दोन आकड्यांची बेरीज खाली. लघु-गुरूंचे प्रकार मोजायला केलेली ही मांडणी. त्यातले विषम आकडे काळे करा आणि सम कोरे सोडा. पाचव्या ओळीत (१ ४ ६ ४ १) फक्त टोकं काळी, आठव्या ओळीत सगळेच काळे. सोळा-सतरा ओळी झाल्या की वहीवर त्रिकोणात त्रिकोण, त्यात पुन्हा त्रिकोण उभे राहतात. का? तर १८७८ साली फ्रेंच गणिती ल्युका यांनी दाखवलं, की एखादा आकडा विषम आहे का हे त्याच्या ओळीचा आणि जागेचा क्रमांक (दोन्ही शून्यापासून मोजून) द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहून, अंकाशेजारी अंक ठेवून तपासता येतं. प्रत्येक स्थानी एकच प्रश्न: जागेच्या क्रमांकात १ असेल तर ओळीच्या क्रमांकातही १ आहे ना? म्हणजे आपलाच पत्ता, फक्त तीन बाय तीनऐवजी दोन बाय दोनच्या चौकटीचा. हलायुधानं हे रंगवून पाहिल्याचा पुरावा नाही. त्यानं त्याचं मोठेपण कमी होत नाही.

निसर्गात पत्ते आखूडच असतात. कडुनिंबाच्या पानाचा देठ एकदाच फुटतो आणि दोन्ही बाजूंना पर्णिका लागतात. बाभळीचा दोनदा फुटतो. शेवग्याचं पान तीनदा फुटलेलं मिळतं, आणि त्याची एक बाजूची काडी मोडून हातात धरली तर ती लहान पानच वाटते. पण तीन पायऱ्यांनंतर साधी पर्णिका येते आणि कथा संपते. फुलगोबीच्या गड्ड्यात तसेच लहान गड्डे का असतात, याचं कारण २०२१ साली फ्रेंच संशोधकांनी उलगडलं. तिथला प्रत्येक कोंब फूल व्हायला जातो, फूल होणं जमत नाही, म्हणून पुन्हा खोड होतो, आणि ते खोड नवे कोंब काढतं, तेही फूल व्हायला जातात. प्रश्न तोच, उत्तर दर वेळी अर्धवट. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा यांच्या नकाशातही नाल्याला ओहोळ आणि नदीला नाले असा सारखेपणा आहे, पण तो सरासरीचा. एक नाला दुसऱ्यावर ठेवला तर जुळणार नाही.

विजेचंही तसंच. मृगात शेतात वीज पडून जो वाचतो, त्याच्या कातडीवर कधी कधी फांद्याफांद्यांची तांबडी नक्षी उमटते. लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १७७७ साली राळेवर अशाच आकृत्या पाहिल्या, म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. विजेच्या वाटेचं टोक जिथे, तिथे विद्युतक्षेत्र सर्वांत जास्त, म्हणून फांदी टोकातूनच वाढते आणि फुटते, हाच नियम प्रत्येक टोकाला. एक-दोन दिवसांत नक्षी मावळते. तो देवीचा ठसा नाही आणि कोपही नाही. त्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबून हृदय चालू करायचा प्रयत्न करा आणि १०८ ला फोन लावा. मध्य भारतात अशा माणसाला शेणात पुरून ठेवण्याचा प्रकार अजून अधूनमधून होतो. त्यात जातो तो फक्त वेळ, आणि वेळेबरोबर जीव.

यंत्रांचं काय? 'आर्क'च्या २०२० सालच्या स्पर्धेत जिंकलेल्या प्रोग्रॅमला जेमतेम २० टक्के कोडी सुटली. डिसेंबर २०२४ मध्ये ओपन-एआय या कंपनीच्या ओ-३ या एआय प्रोग्रॅमनं ७५.७ टक्के सोडवली आणि यंत्र माणसासारखं विचार करू लागल्याच्या बातम्या झळकल्या. तीन महिन्यांनी नवा, अवघड संच आला आणि तशाच यंत्रांचे गुण एक आकडी झाले. त्या बातम्या मात्र तेवढ्या झळकल्या नाहीत.

वर्गात हल्ली मी कोडं उलटं घालतो. २७ बाय २७ चं तयार चित्र द्यायचं आणि मूळ तीन बाय तीन ओळखायला सांगायचं. पोरं लगेच वरच्या डाव्या कोपऱ्यात घुसतात, कारण अंश पूर्णासारखा असतो हे त्यांना आता पाठ झालेलं असतं. अधिक चिन्हाच्या चित्रात तो कोपरा कोरा असतो आणि ती तिथेच अडकतात. अंशातून मूळ मिळतं, पण तो अंश भरलेल्या घरातला हवा, आणि भरलेलं घर कुठलं हेच तर शोधायचंय. म्हणून मागे सरकून, डोळे बारीक करून आख्खं चित्र धूसर पाहायचं. मोठे नऊ तुकडे काळे-पांढरे दिसले की तोच मूळ नमुना. ५१२ नमुन्यांपैकी कुठलाही दिला तरी ही युक्ती फसत नाही. तीन कोपऱ्यांची धूळ पाहताना तेवढे डोळे जरा जास्त बारीक करावे लागतात.