चारही बाजूंनी सारखंच का सोडत नाही? : फ्रेम करायला देण्याआधी मापाविषयी थोडं

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात हा संवाद रोजचा आहे. फोटो काउंटरवर ठेवून ग्राहक म्हणतात, "भाऊ, चारही बाजूंनी सारखा माउंट द्या." (माउंट म्हणजे फोटो आणि चौकट यांच्यामधली पुठ्ठ्याची रिकामी कड.) आम्ही विचारतो, "खाली अर्धा इंच जास्त ठेवू का?" आणि समोरच्यांना वाटतं, कारागिराचं माप चुकतंय. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीत हे नीट समजावून सांगणं जमत नाही, म्हणून हे पत्रक.

१२ बाय १८ चा उभा फोटो घ्या. उंची रुंदीच्या बरोबर दीडपट. त्याला सगळीकडून तीन-तीन इंच माउंट दिला की बाहेरचं माप होतं १८ बाय २४. आता उंची दीडपट राहिली नाही, १.३३ पट झाली. आत सडसडीत फोटो आणि बाहेर बसकी चौकट. तोच माउंट बाजूंना दोन-दोन आणि वर-खाली तीन-तीन इंच ठेवला, तर १६ बाय २४ होतं, म्हणजे पुन्हा दीडपट. उभ्या माणसाच्या फोटोला आम्ही हाच सुचवतो. छोट्या, चौरस फोटोला मात्र सगळीकडे सारखा आणि भरपूर रुंद माउंट शोभतो.

खालच्या जास्तीच्या अर्ध्या इंचाचं कारण वेगळं आहे. आपल्या डोळ्याला जाणवणारा मध्य पट्टीने मोजलेल्या मध्यापेक्षा किंचित वर असतो. बरोबर मध्यावर बसवलेला फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. पटत नसेल तर छापलेला इंग्रजी आठचा आकडा उलटा धरून बघा. सरळ असताना दोन्ही गोल सारखे वाटत होते, उलटा केल्यावर वरचं डोकं मोठं दिसेल. अक्षरं घडवणाऱ्यांनी डोळ्याचा हा स्वभाव ओळखूनच वरचा गोल लहान ठेवलेला असतो.

मोबाइलचे फोटो बहुतेक ४:३ चे असतात, तर १२ बाय १८ हे माप जुन्या ३५ मिमी फिल्मच्या ३:२ चं. त्यामुळे मोबाइलचा उभा फोटो १२ बाय १८ मध्ये पूर्ण भरायचा म्हटला की रुंदीतला दीड इंच जातो. ग्रुप फोटोत कडेला उभी असलेली आत्या त्या दीड इंचातच असते. अशा वेळी १२ बाय १६ सांगा, काहीच कापावं लागणार नाही.

मुलांची एलिमेंटरी-इंटरमिजिएटची चित्रं ११ बाय १५ इंचांच्या कागदावर असतात. ती ए-थ्रीच्या तयार फ्रेममध्ये टाकली की एका बाजूला पाऊण इंच आणि दुसऱ्या बाजूला दीड इंच जागा उरते. कारण ए-थ्री, ए-फोर अशा ए मापांचं गुणोत्तर १:१.४१४ आहे. त्याची गंमत अशी, की कागद मधोमध दुमडला तरी गुणोत्तर तेच राहतं. लिश्टेनबेर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने हे १७८६ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं आणि १९२२ पासून जर्मनीत ही मापं प्रमाण झाली. झेरॉक्ससाठी उत्तम सोय आहे ती. चित्रासाठी चौकट मात्र चित्राच्या मापाचीच बनवून घ्या.

सुवर्ण गुणोत्तराबद्दल तरुण मंडळी हमखास विचारतात. रेघ अशी तोडायची, की पूर्ण रेघेचं मोठ्या तुकड्याशी जे प्रमाण, तेच मोठ्याचं लहान तुकड्याशी यावं. ते येतं साधारण १.६१८. युक्लिडच्या भूमितीत ते आहे. १५०९ मध्ये पाचोली या इटालियन गणितज्ञाने त्यावर पुस्तक छापलं, आकृत्या लिओनार्दो दा विंचीच्या. त्याच्या जवळ नेणारे आकडे आपल्या छंदशास्त्रातही आहेत : लघु (एक मात्रा) आणि गुरू (दोन मात्रा) वापरून चार मात्रा ५ प्रकारे, पाच मात्रा ८ प्रकारे, सहा मात्रा १३ प्रकारे भरता येतात. जैन आचार्य हेमचंद्राने हे फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या १२०२ च्या ग्रंथाआधीच मांडलं होतं. १३ भागिले ८ म्हणजे १.६२५. तेव्हा ८ बाय १३ ची चौकट हवी असेल तर आनंदाने करून देऊ, ती दिसतेही छान. पण ते गुणोत्तर गाठण्यासाठी चांगला फोटो कापू नका. ग्रीसमधलं पार्थेनॉन हे प्राचीन मंदिर याच मापाने बांधलं, असं सांगतात खरं, पण तसं बांधणाऱ्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आम्हाला जास्त शिकवलं ते जवळच्या चितारओळीने, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीने. जुन्या मूर्तिशास्त्रात माप चेहऱ्याचं असतं. एक चेहरा म्हणजे एक ताल, बारा अंगुळं. नवताल मूर्तीत चेहरा १२, मान ४, मानेपासून छाती १२, तिथून बेंबी १२, पुढे जांघेपर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. बेरीज १०८. मूर्ती वीतभर असो की दहा फुटी, अंगुळ तिच्याच चेहऱ्यातून काढायचं. माउंटचं माप आम्ही याच रीतीने फोटोतून काढतो.

समतोलाचंही तसंच. समचरण विठ्ठल किंवा दीक्षाभूमीचा स्तूप अगदी मधोमध घ्यावा, बोटभरही सरकू नये. बासरी धरलेला कृष्ण तीन ठिकाणी वाकलेला असतो. त्याला मधोमध बसवताना कडेची जागा नाही, अंगाचा भार कुठे पडतो ते बघावं लागतं. आणि आजोबांचा फोटो मोठा करताना "एक डोळा बारीक दिसतो, सारखा करा" असं कृपया सांगू नका. मागे एकदा एका घरासाठी आम्ही चेहऱ्याची डावी बाजू उलटवून उजवीकडे लावून बघितली. चेहरा नीटनेटका झाला, पण आजीने तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हे ते नाहीत." आम्ही मूळ फोटोच लावून दिला.

फोटो आणण्याआधी घरी एक करून बघा. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे इंग्रजी एल (L) आकाराचे दोन काटकोनी तुकडे कापा, फोटोभोवती समोरासमोर ठेवा आणि आत-बाहेर सरकवत राहा. जिथे थांबावंसं वाटेल तिथे पेन्सिलने खूण करा, लांबून एकदा बघा आणि ते तुकडे फोटोसोबत घेऊन या. माउंट त्याच खुणांवर कापू.