पूर्वसेवा पडताळणी, मराठवाड्यातील

पूर्वसेवा पडताळणी : नोकरीत रुजू होऊन बरीच वर्षे लोटलेल्या कर्मचाऱ्याची आधीची सेवा, अनुभव, पहिल्या नेमणुकीची तारीख आणि त्या वेळचे वेतन मूळ कागदांवरून तपासून मान्य वा अमान्य करण्याची प्रशासकीय पद्धत. नेमणुकीच्या वेळी होणारी चारित्र्य पडताळणी आणि राखीव जागांसाठीची जात पडताळणी यांहून ती वेगळी आहे. मराठवाड्यात या पद्धतीला विशेष वळण मिळाले, कारण येथील कर्मचाऱ्यांच्या एका पिढीने एकाच नोकरीत हैदराबाद संस्थान, हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा चार राजवटी पाहिल्या.

पडताळणीचा मुख्य आधार म्हणजे सेवापुस्तक, अर्थात कर्मचाऱ्याच्या साऱ्या सेवेची अधिकृत नोंदवही. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ हे त्याबाबतचे आजचे नियम. सेवापुस्तक कार्यालयाच्या ताब्यात असते आणि ते अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कार्यालयप्रमुखाची असते. दर वर्षी ‘१ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीतील सेवा वेतनदेयकांवरून पडताळली’ अशा आशयाचा दाखला सही-शिक्क्यानिशी नोंदवायचा असतो. हा एका ओळीचा दाखला ज्या वर्षी राहून जातो, ते वर्ष पुढे संशयित ठरते. वीस-पंचवीस वर्षांनी निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव तयार करताना लिपिक मागची पाने उलटतो तेव्हा ती रिकामी जागा दिसते. तोवर कर्मचाऱ्याच्या चार-पाच बदल्या झालेल्या असतात आणि जुनी वेतनदेयके रद्दीत गेलेली असतात. अशा वेळी कर्मचाऱ्याचे लेखी निवेदन आणि त्या काळी त्याच्याबरोबर काम केलेल्या सहकाऱ्यांची साक्ष पूरक पुरावा म्हणून घेता येते. ही तरतूद जुनी व न्याय्य आहे, मात्र तिचा वापर फार संकोचाने होतो. वेतननिश्चिती वेतन पडताळणी पथक तपासते. मराठवाड्यातील निवृत्तिवेतनाची प्रकरणे अंतिम मंजुरीसाठी नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातात.

सेवेची नोंद ठेवण्याची रीत मराठवाड्यात नेमकी केव्हापासून रूढ झाली, याविषयी दोन मते संभवतात. एक मत तिचे मूळ हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या कारकिर्दीत (१८५३–८३) झालेल्या जिल्हाप्रशासनाच्या मांडणीत पाहते. दुसरे मत आजच्या स्वरूपातील सेवापुस्तक १९५६ नंतर मुंबई राज्याच्या नियमांबरोबर आले असे मानते. पगारी, बदलीपात्र नोकरवर्ग जेथे असतो तेथे नेमणूक, बढती व रजा यांची काही ना काही नोंद असतेच. हैदराबादचे स्वतःचे नागरी सेवा विनियमही होते. त्यामुळे नोंदीची परंपरा जुनी आणि तिचा आजचा नमुना नंतरचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जुन्या नोंदींच्या पडताळणीत सर्वांत अवघड प्रश्न तारखांचा. हैदराबादच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले आणि कालगणना फसली सनाने, म्हणजे महसुलासाठी धरलेल्या पीकवर्षाच्या सनाने, होई. फसली सनाच्या उगमाविषयी एकमत नाही. अकबराने हिजरी ९६३ (इ. स. १५५६) हा आधार धरून उत्तरेत सुरू केलेला सनच दक्षिणेत आला, असे एक मत आहे. शाहजहानने १६३६ च्या सुमारास, हिजरी १०४६ हा तत्कालीन आकडा घेऊन, दक्षिणेत तो स्वतंत्रपणे चालू केला, असे दुसरे मत आहे. उत्तरेकडील फसलीत ५९२–५९३ मिळवले की इसवी सन येतो, तर दक्षिणेकडील फसलीत ५९०–५९१ मिळवावे लागतात. चांद्र हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने ८० वर्षांत हिजरी आकडा जवळजवळ अडीच वर्षांनी पुढे जातो. दोन फसलींतील फरक तेवढाच असल्याने दुसरे मत ग्राह्य धरावे लागते.

वर्षारंभही सर्वत्र एक नव्हता. मुंबई इलाख्यात फसली वर्ष मृगापासून म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होई, मद्रास इलाख्यात १ जुलैपासून. हैदराबाद संस्थानात मात्र ते १ आझर म्हणजे ६ ऑक्टोबरला सुरू होई आणि पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान असे महिने येत. सेवाकालाच्या हिशेबात हा भेद निर्णायक ठरतो. १३५० फसलीच्या आझर महिन्यात नेमलेला कारकून ऑक्टोबर–नोव्हेंबर १९४० मध्ये रुजू झाला, तर त्याच सनाच्या तीर महिन्यात नेमलेला मे–जून १९४१ मध्ये. दोघांच्या सनात सरसकट ५९० मिळवले, तर दुसऱ्याच्या सेवेत एक वर्ष नसताना जमा होते. सरसकट ५९१ मिळवले, तर पहिल्याचे एक वर्ष बुडते. बहमन महिना डिसेंबर–जानेवारीच्या सांध्यावर येतो, म्हणून तेथे दिवससुद्धा पाहावा लागतो. मुंबई इलाख्याच्या कोष्टकाची सवय असलेल्या लिपिकाने हैदराबादच्या नोंदीला मृगाचा वर्षारंभ लावला, तर जून ते सप्टेंबरच्या नेमणुका एका वर्षाने मागे जातात. जन्मतारीख अशाच रीतीने उतरवली गेली असल्यास निवृत्तीची तारीखही बदलते.

वेतनाच्या आकड्यांचीही तीच गत. संस्थानचा हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार यांचे प्रमाण स्थूलमानाने ७ ला ६ असे होते. अधिकृत दराने शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. पानावर नुसता ‘रु. ७०’ असा आकडा असेल, तर तो सत्तर कलदार की साठ कलदारांच्या किमतीचे सत्तर हाली, हे शेजारच्या नोंदींवरूनच ठरवावे लागते.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर कारभाराची भाषा बदलू लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ मधील कलम ११५ नुसार हैदराबादच्या कर्मचाऱ्यांचे वाटप झाले आणि केंद्र शासनाच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांना हानिकारक ठरतील अशा बदलता येणार नाहीत, असे संरक्षण मिळाले. त्यानंतर समकक्षतेचा प्रश्न उभा राहिला : हैदराबादमधील अमुक पद मुंबईच्या कोणत्या पदाबरोबरीचे? त्यासाठी पदाचे स्वरूप व कर्तव्ये, जबाबदारी व अधिकार, किमान अर्हता आणि वेतन असे चार निकष होते. विक्रीकर अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेविषयीच्या महाराष्ट्र शासन विरुद्ध चंद्रकांत अनंत कुलकर्णी (१९८१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या निकषांची चर्चा केली आहे. पुनर्रचना आणि निकाल यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे, म्हणजे मूळ कर्मचाऱ्यांपैकी अनेकांची नोकरी तोवर संपत आली होती.

एस. टी.च्या कर्मचाऱ्यांचा इतिहास थोडा निराळा. निजामाच्या राज्य रेल्वेने १९३२ मध्ये प्रवासी मोटारसेवा सुरू केली. पुनर्रचनेनंतर तिचा मराठवाड्यातील भाग वेगळा झाला आणि १९६१ मध्ये तो महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाला.

रोजंदारीवरील कामगारांच्या बाबतीत सेवापुस्तकच नसते. जायकवाडी, पूर्णा यांसारख्या प्रकल्पांवर आणि बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर राबलेल्या माणसांची सेवा हजेरीपटावर शोधावी लागते. रोजंदारी कामगारांच्या सेवाशर्तींविषयीच्या कालेलकर निवाड्यानुसार सलग पाच वर्षे काम केलेल्या रोजंदारी कामगाराला रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर घेण्याची तरतूद झाली. त्यामुळे ‘सलग’ हे सिद्ध करणे हाच पडताळणीचा गाभा ठरला. हजेरीपट कामागणिक निघतो, माणसागणिक नाही. एकाच कामगाराचे नाव एका पटावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसते पहिले आणि तिसऱ्यावर टोपणनावाने असते, सहीच्या जागी अंगठा असतो. पट जपून ठेवणे हे कामगाराच्या हाती कधीच नव्हते. पट सापडत नाही म्हणून त्याची वर्षे नाकारणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. रोजगार हमी योजनेवरील हजेरी सहायकांच्या पूर्वसेवेबाबतही असेच वाद झाले.

शाळांमध्ये पूर्वसेवेचा प्रश्न आज सर्वांत तीव्र आहे. खासगी शाळांतील सेवेला त्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीचा १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली लागू असून शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता हा तिचा मुख्य पुरावा होय. १२ वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी देताना ही मान्यता पुन्हा पाहिली जाते. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमलेल्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाल्यामुळे पहिल्या नेमणुकीच्या तारखेला मोठे मोल आले. त्या तारखेपूर्वीच्या जाहिरातीनुसार नंतर नेमणूक झालेल्या शासकीय कर्मचाऱ्यांना २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या योजनेचा विकल्प मिळाला. तेव्हापासून वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कात्रण हाही सेवेचा कागद बनला आहे. एका सेवेतून दुसऱ्या सेवेत जाताना अर्ज उचित मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत, केला होता की थेट राजीनामा दिला, हेही पाहिले जाते, कारण साध्या राजीनाम्याने मागील सेवा गमावली जाते.

पडताळणीत दोष आढळल्यास परिणाम दोन प्रकारचे. खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी दीर्घ सेवेमुळे पावन होत नाही, असा न्यायालयांचा सर्वसाधारण कल आहे. कार्यालयाच्या चुकीने जादा वेतन दिले गेले असेल, तर गोष्ट निराळी. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह (२०१४) या निकालाने वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा वेतन मिळालेले यांच्याकडून वसुली करण्यास मनाई केली. असे असूनही उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वसुलीचे आदेश निघतात आणि प्रकरणे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या किंवा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जातात. जन्मतारखेच्या दुरुस्तीबाबत नियम कडक आहे : १६ ऑगस्ट १९८१ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्याने पाच वर्षांच्या आत अर्ज करायला हवा. ही मुदत कर्मचाऱ्यावर बंधनकारक असेल, तर कार्यालयाच्या आक्षेपांनाही मुदत असायला हवी, हा कर्मचारी संघटनांचा आग्रह रास्त आहे.

खासगी क्षेत्रात पडताळणीची रीत कारखान्यागणिक बदलते. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरातील चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील उद्योगांत पुष्कळ कामगार ठेकेदारामार्फत येतात, त्यामुळे काम एका कारखान्यात आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर नाव दुसऱ्याच आस्थापनेचे, असे घडते. २०१४ पासून दिल्या जाणाऱ्या सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे त्यानंतरच्या नोकऱ्यांचा माग लागतो. त्याआधीच्या कामासाठी वेतनचिठ्ठी, ओळखपत्र आणि राज्य कामगार विम्याचे कार्ड हेच पुरावे राहतात. साखर कारखान्यांतील हंगामी कामगारांची मागील सेवा हंगामनिहाय हजेरी व वेतनपत्रकांवरून मोजली जाते.