सरासरीत पाऊस, वावरात तळं

माझी भाची बीएला आहे, इतिहास घेतलाय, विज्ञानाशी दहावीनंतर काडीमोड. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, म्हणे मामा, टीव्हीवाले सांगायलेत औंदा पाऊस सरासरीच्या वर झालाय, मग आपलं सोयाबीन कसं काय गेलं? मी म्हणलं बाई तू एका दमात परीक्षेचा मोठा प्रश्न विचारलास. तासभर बोललो, तेच इथं जरा सावकाश लिहितोय, तिच्यासारखे बाकीचे आर्ट्स-कॉमर्सवाले पण वाचतील म्हणून.

पहिला घोळ आपल्या भाषेतच आहे. आज दुपारी पडणार का, यालाही आपण हवामान म्हणतो आणि मराठवाड्याचं हवामान कोरडं आहे म्हणतानाही शब्द तोच. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली म्हणजे आजची हवा आणि दुसरी म्हणजे कित्येक वर्षांच्या हवांचा हिशोब. जगभरात हा हिशोब साधारण ३० वर्षांचा धरतात. आपलं हवामान खातं पावसासाठी १९७१ ते २०२० अशी ५० वर्षं धरतं आणि त्यावरून देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटीमीटर निघते. आपल्या आज्ज्यांनी हाच हिशोब नक्षत्रांत ठेवला होता. मृगात पेरा, हस्ताचा हत्ती लोळवून जातो, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचं टिपण आहे, आकडे नसले तरी. (पंचांगात नक्षत्रांना दिलेल्या बेडूक, म्हैस, गाढव या वाहनांवरून पावसाचा अंदाज बांधायचा का यावर मी घरात भांडत नाही, एकदा भांडलो होतो, पुरे झालं.)

आता ही सरासरी कशी फसवते ते बघा. समजा ऑगस्टात २०० मिलिमीटर पाऊस झाला. तो २५-२५ मिलिमीटरच्या आठ सरींत आला तर सोयाबीन डोलतं. पण २५ दिवस खंड पडला, पिकानं माना टाकल्या आणि मग दोन रात्रीत १००-१०० मिलिमीटर आला तरी महिन्याची बेरीज २०० च. टीव्हीवाला खोटं बोलत नाही आणि तुमचं पीकही खोटं बोलत नाही. पीक बेरजेवर जगत नाही, ते दिवसांवर जगतं, आणि एक्स्ट्रीम वेदर म्हणतात ते सगळं या दिवसांच्याच टोकांचं असतं.

मिलिमीटर म्हणजे नेमकं किती पाणी हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, तर ते सोपं आहे. एक चौरस मीटर फरशीवर एक मिलिमीटर पाणी साचलं की ते बरोब्बर एक लिटर भरतं. आमच्या भाऊजींनी घराच्या माळवदावर तेलाचा पत्र्याचा डबा ठेवलाय, १५ लिटरवाला, वरचा पत्रा पूर्ण कापून. पाऊस झाला की पोराच्या कंपासपेटीतली पट्टी आत उभी धरायची, पाणी जितकं वर आलं तितका पाऊस. डबा छोटा असो की मोठा, आकडा बदलत नाही, फक्त त्याच्या भिंती सरळ पाहिजेत. घागर ठेवून चालत नाही, तोंड लहान आणि पोट मोठं, तिथं हिशोब चुकतो. बादली पण नको, ती वर फाकते.

एका रात्री या डब्यात ९० मिलिमीटरच्या वर पाणी भरलं. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं गेलं की जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून त्याच्याही वरचा वर्ग. महसूल खात्याच्या भाषेत मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ झाला की अतिवृष्टी. आमच्या मंडळाचं पर्जन्यमापक आठ-नऊ किलोमीटरवर, तिथं त्या रात्री ४१. झालं, कागदावर अतिवृष्टी नाही. भाऊजी डब्याचा फोटो घेऊन दोन ऑफिसं फिरले, दोन्हीकडं लोक चांगलं बोलले आणि काही झालं नाही. राग येतो पण विज्ञान इथं मधेच आडवं पडतं: वादळी पावसाचा एक ढग काही किलोमीटरचाच असतो, तो एका शिवारात ओततो आणि शेजारच्या शिवारात धूळ पण बसत नाही. म्हणजे यंत्र बरोबर होतं आणि डबाही बरोबर होता. यंत्रं जितकी विरळ तितके असे ढग हिशोबातून निसटणार. आणि हो, दिसेल त्या पावसाला ढगफुटी म्हणू नका, त्याचा साधारण निकष तासाला १०० मिलिमीटर आहे, तेही थोड्या भागात.

आता याच आकड्यांत लातूरची रेल्वे बसवून बघू. २०१६ च्या एप्रिलमध्ये, ऐन दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, पहिल्या फेरीला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. देशभर बातमी झाली, लोक स्टेशनवर बघायला गेले. एक एकर म्हणजे जवळपास ४०४७ चौरस मीटर. त्यावर ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २ लाख ६३ हजार लिटर, दहा हजारी टँकर धरले तर २६ टँकर! म्हणजे साडेतीनशे किलोमीटरवरून वाजतगाजत आलेली ती अख्खी गाडी दोन एकरावरच्या एका अतिवृष्टीपेक्षा कमी भरते. त्याच साली पावसाळा संपता संपता लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं. एप्रिलात तळाला भेगा आणि सहा महिन्यांत काठोकाठ, जागा तीच.

हे आपल्याकडंच इतकं का होतं? एक कारण सह्याद्री. अरबी समुद्राचं ओलं वारं घाट चढताना थंड होतं आणि तिथंच रितं होतं, महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पलीकडं उतरताना तेच वारं तापतं, कोरडं पडतं, आणि आपण त्या पर्जन्यछायेत बसलोय. म्हणून मराठवाड्याला बंगालच्या उपसागराकडनं सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांची वाट बघावी लागते, ते आले तर आले, आणि बऱ्याचदा सप्टेंबरात येतात, म्हणजे सोयाबीन काढणीला आलेलं असताना. २०२५ चा सप्टेंबर आठवा, बीड, धाराशिव, लातूरकडं नद्या पात्र सोडून वावरात शिरल्या, परंड्याच्या बाजूला माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली.

दुसरं कारण पायाखाली आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सावकाश पावसाला ती फार गुणी, पण एकदा फुगली की पाणी खाली सोडायला कंजूष. धो-धो आला तर मुरायच्या आत वाहतो किंवा वावर चिबडतं, म्हणजे पाणी साचून राहतं, वापसा (कामाजोगी ओल) येईना, मुळं सडतात. आणि त्याच्या खाली बेसॉल्टचा काळा दगड, पाणी साठतं ते फटींत आणि झिजलेल्या थरात, तेवढंच. म्हणून जोराचा पाऊस होऊनही मार्चात बोअर गुरगुरायला लागते.

भाचीचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता, मग हे ग्लोबल वॉर्मिंगनं होतंय का? थोडं थांबून बोलावं लागतं. १९७२ चा दुष्काळ आजी सांगायची, तो काय मोबाईलच्या काळातला नाही. दुष्काळ आणि पूर मराठवाड्याला नवे नाहीत. बदलतंय ते त्यांचं प्रमाण. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. टँकरची टाकी मोठी केल्यासारखं समजा, भरायला वेळ जास्त लागणार म्हणजे मधले खंड लांबणार, आणि रिकामी होताना लोट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या ५० वर्षांच्या नोंदी तपासल्या तर मुसळधार दिवस वाढलेले आणि मध्यम पावसाचे दिवस घटलेले, त्यामुळं एकूण बेरीज जवळपास तशीच. सरासरी बघणाऱ्याला काही झालंच नाही असं वाटणार! २०१७ मध्ये त्याच संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटानं दाखवलं की मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिपावसाच्या घटना १९५० पासून तिपटीनं वाढल्यात.

एखाद-दीड अंशानं काय फरक पडतो असं वाटत असेल तर वर्गाचे मार्क घ्या. सगळ्यांची सरासरी नुसती पाच मार्कांनी वाढली तर मधल्या पोरांत फार फरक जाणवणार नाही, पण नव्वदीच्या वर जाणारी पोरं दुप्पट-तिप्पट होऊ शकतात. टोकं अशीच फुगतात. अमुक एक पोरगं त्या पाच मार्कांमुळंच नव्वदीत गेलं का हे छातीठोक सांगता येत नाही, शक्यता किती वाढली हे सांगता येतं, आणि शास्त्रज्ञ एखाद्या पुराबद्दल किंवा उष्णतेच्या लाटेबद्दल नेमकं हेच मोजतात. तसंच ते "शंभर वर्षांतला पाऊस" प्रकरण. त्याचा अर्थ आता शंभर वर्षं निवांत असा नाही, दरवर्षी १ टक्का शक्यता असा आहे, म्हणजे ३० वर्षांच्या शेतीत तो एकदा तरी गाठायची शक्यता २६ टक्के. आणि हेही हवामान बदललं नाही असं धरून.

एल निनोचं थोडक्यात. पॅसिफिकचं पाणी विषुववृत्तापाशी तापलं की आपला मान्सून बऱ्याचदा ओढ देतो, २०१५ ला तेच, २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. पण १९९७ ला एल निनो जबरदस्त होता आणि पाऊस व्यवस्थित झाला, त्यामुळं एप्रिलात कोणी एल निनोच्या नावानं घाबरवायला लागलं तर जरा दम धरा.

गारपिटीबद्दल तिनं विचारलं नाही, मीच सांगितलं, कारण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट आम्ही घरात बसून ऐकलीय, पत्र्यावर कोणी खडी टाकावी तसा आवाज. जमीन तापलेली, वर गार हवा, त्यामुळं ढगात वर जाणारा झोत इतका जोराचा की बर्फाचा दाणा खाली यायलाच तयार नसतो, वर तरंगत राहतो, पाण्याचे थेंब त्याच्यावर गोठत जातात आणि झोताला पेलवेनासा झाला की मग पडतो. काढणीला आलेली ज्वारी त्या दिवशी अर्ध्या तासात झोपली. अशा ढगाखाली विजेचा धोका तितकाच. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज साधारण एक किलोमीटरवर, आणि हे मोजत लिंबाखाली उभं राहायचं नसतं, सरळ पक्क्या घरात जायचं.

भाची आता सुट्टीला गावी गेली की डबा तीच वाचते, सकाळी साडेआठला, कारण खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेननं आकडा टाकते. परवा तिचा मेसेज आला: डब्यात १८, मंडळात ०, मामा आता काय म्हणता.