भाकरीनं झाकलं, पावानं उघडं पाडलं

माझा भाचा शिकायला म्युनिकला गेला आणि दोन महिन्यांतच त्याचा फोन आला. "मामा, इथल्या दुधातच काहीतरी गडबड आहे बघा. पोट नुसतं गुडगुडायलंय." जर्मनीच्या दुधावर भेसळीचा संशय घेणारा सोलापूरकर मी पहिल्यांदाच ऐकला. त्याला म्हटलं, दुधाचं राहू दे, दिवसभर काय खातोस ते सांग.

सकाळी म्युस्लीवर, म्हणजे ओट्स आणि सुकामेव्याच्या मिश्रणावर, अर्धा लिटर दूध. दुपारी विद्यापीठाच्या खाणावळीत क्रीमच्या सॉसमधला पास्ता. रात्री राईचा काळा पाव; ही राई म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य. आणि इथे, ताईच्या हातचं? दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पिठलं नाहीतर आमटी, कडेला शेंगाची चटणी, शेवटी ताक. दूध पोटात जायचं ते फक्त चहातून. त्याच्या पोटात नवीन काहीच बिघडलं नव्हतं. जे होतं ते वीस वर्षं या ताटानं झाकून ठेवलं होतं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं. पुढे बहुतेकांत ते कमी होत जातं, आणि जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांमध्ये ते दुधाला पुरत नाही. म्हणजे संख्येनं पाहिलं तर दूध न पचणं हीच माणसाची नेहमीची अवस्था. उत्तर युरोपातल्या बहुतेकांत मात्र एका जनुकीय बदलामुळे लॅक्टेज आयुष्यभर टिकतं, आणि तिथलं स्वयंपाकघर या पचनाच्या भरवशावरच उभं आहे. न फुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गुडगुड होते ती त्याचीच.

पण इथे सगळा खेळ मात्रेचा आहे. ज्यांना दूध सोसत नाही अशांपैकी बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण पेलाभर दूध, फारसा त्रास न होता चालतं, जेवणासोबत तर अधिकच. चहातल्या दुधात दोन-अडीच ग्रॅम, भाच्याच्या वाडग्यात जवळपास 24. दह्या-ताकात विरजणाचे जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच फस्त करतात आणि उरलेलं फोडायला स्वतःचं विकर पोटात घेऊन येतात. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज नावालाच असतं, तुपातही तसंच. जर्मनीत लॅक्टोजमुक्त दूध सहज मिळतं. त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, त्यामुळे ते जास्त गोड लागतं. भाच्यानं पहिल्या घोटाला विचारलं, "ह्यात साखर घातलीय का बे?" विचारलं रूममेटला, आणि तेही मराठीत.

दूध बदललं, निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा काळ्या पावाचा निघाला. गहू, राई, कांदा, लसूण यांत फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात. ते फोडणारं विकर कुणाही माणसाकडे नाही, म्हणून तेही मोठ्या आतड्यातले जिवाणूच आंबवतात आणि वायू होतो. काहींचं आतडं त्या वायूनं लवकर कुरकुरतं, एवढाच फरक. ज्वारीत फ्रुक्टान फारच कमी. इथे तो खायचा तेवढा चमचाभर चटणीतला लसूण खपून जायचा. तिथे राईचा पाव, कांद्याची पूड घातलेलं सूप आणि पास्ता यांची बेरीज एकाच दिवसात व्हायची. यावर उपाय आपल्याच चुलीवरचा. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण तळून पाकळ्या काढून टाकल्या की वास राहतो, त्रास राहत नाही. आमटीत उकळलेला लसूण मागून काढला तर मात्र उपयोग नाही, तोवर ते पाण्यात उतरलेले असतात.

ताईनं मधेच एक घोळ घातला. "गहूच बंद कर म्हणावं." असं परस्पर करू नये. सिलिअ‍ॅक हा वेगळाच आजार आहे. त्यात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उठते. गव्हाशी असलेलं त्याचं नातं डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडलं. 1944-45च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धातल्या उपासमारीत, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला होता, तो अनुभव त्यांच्या संशोधनाच्या कामी आला. या आजाराची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच सोडला तर आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. भाच्याची गहू चालू असताना केली, काही निघालं नाही. निघालं असतं तर ताईनं त्याला भरून दिलेल्या बॅगेतल्या दोन वस्तूंची चौकशी करावी लागली असती. एक, बांधणीचा हिंग, कारण त्यात बहुधा मैदा असतो. दुसरी, भाकरीचं पीठ. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण गिरणीत तुमच्या आधी कुणाचे गहू दळले असतील तर? ग्लूटेनमुक्त म्हणायची युरोपातली मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. जात्यातल्या उरल्यासुरल्या गव्हाला ती ओलांडायला वेळ लागत नाही.

शंभर पदार्थांची 'इन्टॉलरन्स', म्हणजे काय सोसत नाही याची, तपासणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा आता इथेही आहेत. रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिद्रव्यांवर आधारलेल्या या तपासण्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ग्राह्य धरत नाहीत. तुम्ही काय खात आला आहात, एवढंच त्या फार तर सांगतात, आणि ते तर ताई फुकटात सांगते. लॅक्टोजसाठी श्वासातला हायड्रोजन मोजायची साधी तपासणी आहे.

युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून वेष्टनावरच्या घटकांच्या यादीत 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थ उठून दिसतील असे छापावे लागतात, बहुतेकदा ठळक अक्षरांत. दूध, गहू, शेंगदाणे, तीळ, मोहरी, सगळे त्यात आहेत. कांदा-लसूण नाहीत, त्यांच्यासाठी बारीक अक्षरं वाचावी लागतात. साखरमुक्त गोळ्यांवरही नजर ठेवावी: त्यातले सॉर्बिटॉलसारखे पदार्थ पोट ढिलं करतात.

यंदा ताईनं पुन्हा बॅग भरली. तूप आणि पेढे मागे राहिले, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. उरलेल्या जागेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. चटणीपाशी भाचा अडला. त्याच्या नव्या रूममेटला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आणि तिथे मात्रेचा हिशोब चालत नाही. कणभरही जीवावर बेतू शकतो. म्हणून डबा दुहेरी पिशवीत, चमचा वेगळा, आणि झाकणावर त्यानं मार्करनं जाड अक्षरांत जर्मन शब्द लिहिला: एर्डन्यूसं. ताईनं खाली मराठीत लिहिलं, "शेंगा".